घरच्या १६ अँपिअरच्या प्लगवर वेल्डिंग मशीन कसं चालवायचं

खांद्याला अडकवून नेता येईल असं पाच-सहा किलोचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन आता तालुक्याच्या हार्डवेअर दुकानातही मिळतं. गेटची तुटलेली बिजागरी, कुंड्यांचा स्टँड, टाकीखालचा अँगल, गोठ्याचं फाटक अशी कामं घरच्या घरी करायला ते पुरतं. अडचण येते ती आकड्यांच्या घोळामुळे. मशीनवर २०० अँपिअर छापलेलं असतं आणि भिंतीतला प्लग असतो १६ अँपिअरचा. २०० हा वेल्डिंगच्या रॉडच्या (वितळून जोड भरणाऱ्या काडीच्या) टोकाला मिळणारा करंट आहे आणि १६ हा भिंतीतून घेता येणारा. या दोघांचं नातं समजून न घेता नॉब फिरवला की एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा बोर्डवरचा स्विच) पडतो, आणि एमसीबी पडला नाही तर सॉकेट वितळतं. दुसरी गोष्ट जास्त वाईट.

म्हणून सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करा. मशीन कितीचंही असो, घरच्या १६ अँपिअरच्या प्लगवर ते ९० अँपिअरचं मशीन आहे. घरगुती कामाला ९० अँपिअर भरपूर होतात.

९० हा आकडा कुठून आला

आर्क (रॉडच्या टोकाशी पेटणारी विजेची ज्योत) पेटलेला असताना रॉड आणि लोखंड यांच्यात किती व्होल्ट असतात याचा ठोकताळा सोपा आहे: २० व्होल्ट, अधिक अँपिअरचे ४ टक्के. ९० अँपिअरला ते २३.६ व्होल्ट होतात. गुणाकार केला की सुमारे २,१२५ वॅट. मशीनमध्ये थोडी वीज उष्णतेत जाते. कार्यक्षमता ८२ टक्के धरली तर भिंतीतून जवळपास २,६०० वॅट घ्यावे लागतात.

बरेच जण इथेच थांबतात आणि २,६०० ला २३० ने भागून ‘फक्त ११ अँपिअर’ म्हणतात. तिथेच चूक होते. साध्या इन्व्हर्टर मशीनमध्ये आत येणारी वीज आधी रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) आणि मोठ्या कपॅसिटरमधून (वीज साठवणाऱ्या भागातून) जाते. कपॅसिटर व्होल्टेजच्या लाटेच्या माथ्यावरच करंट ओढतो, मधल्या वेळेत जवळजवळ काहीच घेत नाही. त्यामुळे पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटपैकी खऱ्या कामाला येणारं प्रमाण) ०.७ च्या आसपास राहतो आणि वायरला प्रत्यक्षात ११ नाही, तर १६ अँपिअरचा ताप सोसावा लागतो. याच हिशोबाने, पूर्ण २३० व्होल्ट मिळत असताना, भिंतीतून जाणारा करंट असा:

रॉडला ६० अँपिअर: भिंतीतून १०
रॉडला ८० अँपिअर: भिंतीतून १४
रॉडला ९० अँपिअर: भिंतीतून १६
रॉडला १०० अँपिअर: भिंतीतून १८
रॉडला १२० अँपिअर: भिंतीतून २२ ते २३
रॉडला १६० अँपिअर: भिंतीतून ३२

व्होल्टेज कमी असेल तर हे आकडे वाढतात, कारण मशीन तेवढेच वॅट मिळवायला जास्त करंट ओढतं. संध्याकाळी गावात १९० व्होल्ट येत असतील तर ९० च्या सेटिंगला १६ ऐवजी १९ अँपिअर लागतील. अशा ठिकाणी दुपारी, शेजारचे पंप बंद असताना काम करा किंवा सेटिंग ७५ वर आणा.

अधूनमधून १०० अँपिअर लावले तर लगेच काही जळत नाही. एक रॉड साधारण मिनिटभर जळतो, मग खपली (जोडावर जमणारा कडक थर) काढणं, घासणं, पुढचा जोड धरणं यात तेवढाच वेळ जातो, आणि त्यात वायर थंड होते. पण हाताखाली माणूस ठेवून एकामागून एक रॉड जाळायचे असतील तर ९० च्या पुढे जाऊ नका.

जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनला हा हिशोब लागू नाही. त्याचं ओपन सर्किट व्होल्टेज, म्हणजे आर्क नसतानाचं व्होल्टेज, ७५ च्या आसपास असतं, आणि लाइनवरचा भार मोजताना आर्कचे २४ व्होल्ट धरून चालत नाही, हे ७५ धरावे लागतात. १०० अँपिअरला साडेसात किलोव्होल्टअँपिअर (व्होल्ट गुणिले अँपिअर, भागिले हजार), म्हणजे एका फेजवर ३२ अँपिअरहून जास्त. म्हणूनच वर्कशॉपमध्ये ते दोन फेजवर चालवतात. स्वस्तात मिळालं म्हणून असलं मशीन घरच्या प्लगला लावू नका.

लावण्याआधी घरची लाइन पाहा

आधी वीजबिल हातात घ्या. त्यावर मंजूर भार किलोवॅटमध्ये लिहिलेला असतो. तो एक-दोन किलोवॅटच असेल तर वेल्डिंग सुरू असताना गिझर, इस्त्री, पाण्याची मोटर आणि एसी बंद ठेवा, आणि असं काम वारंवार करायचं असेल तर भार वाढवून घ्या. मीटरवरही पाहा. घरगुती सिंगल फेज मीटरवर बहुधा ५-३० अँपिअर लिहिलेलं असतं, म्हणजे सगळ्या घराची मिळून मर्यादा ३०. घरगुती जोडणीवर घरचं काम करायला हरकत नाही. पैसे घेऊन लोकांची कामं सुरू केलीत तर तो व्यावसायिक वापर झाला. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापरात मोडतो आणि आकारणी दुप्पट दराने होते.

मग पॉइंट निवडा. गिझर किंवा एसीचा पॉइंट सगळ्यात चांगला, कारण त्याला बहुतेक वेळा स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी असतो. पडदीवरचा लहान ५-६ अँपिअरचा सॉकेट आणि त्यात बसवलेला कन्व्हर्टर प्लग, हा प्रकार पूर्ण वर्ज्य. पॉइंट घरच्या बॅटरी-इन्व्हर्टरच्या लाइनवर नाही ना, हेही बघा. मेन स्विच बंद केल्यावर त्या पॉइंटला वीज राहत असेल तर तो इन्व्हर्टरवर आहे. वेल्डिंगचा पहिला झटकाच त्याची वाट लावेल.

डिस्ट्रिब्युशन बोर्डवरचा एमसीबी सी कर्व्हचा (सुरुवातीचा क्षणिक झटका सोसणारा), १६ किंवा २० अँपिअरचा असावा. तो २० चा असेल तर प्लगपर्यंतची वायर तांब्याची आणि किमान २.५ चौरस मिमी हवी, ४ ची असेल तर उत्तम. बी कर्व्हचा एमसीबी मशीन सुरू करतानाच पडू शकतो, कारण रिकामे कपॅसिटर भरताना क्षणभर मोठा करंट जातो. जुन्या घरात किटकॅट फ्यूज आणि ॲल्युमिनिअमची वायरिंग असेल तर मशीन लावूच नका. ॲल्युमिनिअमचे सांधे काळाबरोबर सैल होतात आणि भिंतीच्या आत तापतात, तिथे नजर पोचत नाही. एमसीबी पडतो म्हणून मोठा बसवणं किंवा फ्यूजला जाड तार गुंडाळणं म्हणजे वायरलाच फ्यूज करणं.

अर्थिंग तपासायला मल्टिमीटर लागेल. फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० च्या आसपास, फेज आणि अर्थ यांच्यात जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपर्यंत दिसायला हवेत. फेज-अर्थचा आकडा बराच कमी दिसला तर अर्थिंग गेलेलं आहे. उलट आकडा बरोबर आला तरी पूर्ण खात्री धरू नका. मल्टिमीटर नगण्य करंट घेतो, त्यामुळे गंजलेलं अर्थिंगसुद्धा त्यावर ठीक दिसतं. वायरमनकडून अर्थ टेस्टरने एकदा मोजून घ्या, आणि उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घाला. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर बसवून घ्या, असेल तर त्यावरचं टेस्टचं बटण दाबून तो पडतो का ते पाहा.

प्लग आणि एक्स्टेन्शन

बरीच मशीनं प्लगशिवाय, नुसत्या तीन वायरी काढून दिलेली येतात. नामांकित कंपनीचा १६ अँपिअरचा तीन पिनांचा टॉप आणा. तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, पिवळी-हिरवी अर्थ, आणि ही तिसरी जाड लांब पिनेला. वायर स्क्रूखाली जाईल तेवढीच, साधारण ८ मिमी सोला. तारांना पीळ द्या, पण सोल्डर लावू नका. दाबाखाली सोल्डर हळूहळू पसरतं, स्क्रू सैल होतो आणि तिथेच आग सुरू होते. बाहेरचं आवरण टॉपच्या आतल्या पट्टीखाली दाबून घ्या, म्हणजे वायर ओढली गेली तरी ताण सांध्यावर येणार नाही.

एक्स्टेन्शन हवंच असेल तर तीन कोअरची, २.५ चौरस मिमी तांब्याची लवचिक वायर घ्या. दुकानात तिला ‘अडीचची’ म्हणतात. फरक किती पडतो ते बघा. २० मीटर लांबीच्या अडीचच्या वायरमध्ये १६ अँपिअरला सुमारे ५ व्होल्ट पडतात. तेवढ्याच लांबीची १ चौरस मिमीची, टीव्ही-पंख्याला वापरतात ती वायर लावली तर साडेबारा व्होल्ट पडतात आणि २०० वॅट उष्णता त्या वायरमध्येच तयार होते. ती वायर गुंडाळी करून ठेवली असेल तर ही उष्णता बाहेर पडत नाही आणि आतले वेढे एकमेकांना चिकटतात. रीळ असेल तर सगळी वायर मोकळी सोडूनच काम सुरू करा.

कामाची जागा लांब असेल तर भिंतीकडची वायर वाढवा, मशीन कामाजवळ न्या. वेल्डिंगची केबल वाढवणं तोट्याचं आहे. १६ चौरस मिमीच्या जाण्या-येण्याच्या दोन्ही केबल २०-२० मीटर केल्या तर ९० अँपिअरला चार-साडेचार व्होल्ट त्यांच्यातच जातात, आणि आर्कला मुळात मिळतात चोवीसच.

दोन ‘अर्थिंग’ एकच नव्हेत

वर्कशॉपच्या बोलीत कामाला लावतात त्या क्लॅम्पलाही अर्थिंगच म्हणतात, आणि तिथून मोठा गैरसमज पसरतो. क्लॅम्पची केबल वेल्डिंगचा करंट परत आणते. घरचं अर्थिंग मशीनची बॉडी सुरक्षित ठेवतं. एक असलं म्हणून दुसरं नको असं होत नाही, आणि एकाचं काम दुसऱ्याला देता येत नाही.

क्लॅम्प नेहमी जोडाच्या जवळ, ज्या तुकड्यावर वेल्ड करायचा त्यालाच लावा. गेटच्या बिजागरीचं काम आहे आणि क्लॅम्प लावला कंपाउंडच्या दुसऱ्या टोकाच्या पाइपला, असं केलं तर ८०-९० अँपिअर परत यायला मिळेल ती वाट धरतात: बेअरिंग, नळाचा पाइप, कधी घराच्या अर्थिंगची बारीक हिरवी वायर. ती वायर एवढ्या करंटसाठी नसते. ती आतल्या आत जळते आणि त्या दिवसापासून घराला अर्थिंग राहत नाही, तेही कुणाला न कळता. मोटारसायकल किंवा गाडीवर काम असेल तर आधी बॅटरीच्या दोन्ही तारा काढा. पेट्रोलची टाकी, डिझेलचं पिंप, तोंड बंद असलेला कुठलाही डबा यांच्यावर वेल्ड करू नका, रिकामा असला तरी.

क्लॅम्पखालचा रंग आणि गंज ग्राइंडरने काढून लोखंड चकचकीत करा. रॉड चिकटतो, आर्क पेटत नाही अशा निम्म्या तक्रारी इथेच संपतात. मशीनच्या पुढचे कनेक्टर आत घालून उजवीकडे घट्ट फिरवा; ते नुसते घातलेले असले तर त्यांचं प्लास्टिक वितळतं. स्वस्त मशीनबरोबर येणाऱ्या केबलमध्ये तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनिअम असतं. एखादी तार ब्लेडने खरवडली की आतून पांढरी निघते. मग १६ चौरस मिमीची अस्सल तांब्याची केबल घेऊन टाका, खर्च वाया जाणार नाही.

रॉड: १२ नंबर हा घरचा रॉड

दुकानात रॉड नंबरने मागतात: १४ नंबर म्हणजे २ मिमी, १२ म्हणजे २.५, १० म्हणजे ३.१५ आणि ८ म्हणजे ४ मिमी. साधा, सहज पेटणारा रॉड ई-६०१३ प्रकारचा. २ मिमीला ४० ते ६०, २.५ ला ६० ते ९०, ३.१५ ला ९० ते १३० अँपिअर लागतात. म्हणजे १६ अँपिअरच्या प्लगवर २.५ मिमीचा रॉड त्याच्या पूर्ण क्षमतेने चालतो. ३.१५ चा थोडा थोडा, खालच्या सेटिंगवर. ४ मिमीचा विसरा.

१.६ मिमी जाडीच्या चौकोनी पाइपला २.५ चा रॉड ५५-६५ वर, किंवा २ चा ४५-५० वर. ३ मिमी अँगलला ७५-८०. ५ मिमी पट्टीला ८५-९०. ६ मिमीच्या प्लेटला मोठं मशीन लागतं असं म्हणतात, पण कडा ग्राइंडरने तिरप्या करून व्ही पाडला आणि २.५ च्या रॉडचे तीन रन (वेल्डच्या सलग ओळी) एकावर एक दिले, प्रत्येक रननंतर खपली साफ काढून, तर जोड चांगला धरतो. वेळ जास्त जातो, एवढंच. झोका, जिना, डोक्यावरचा लोखंडी माळा असं माणसाचं वजन घेणारं काम मात्र शिकाऊ हाताने करू नये.

ई-७०१८ चा रॉड मजबूत असतो, पण ओलाव्याला फार हळवा. तो ३०० ते ३५० अंशांवर तासभर तरी भाजून वापरायचा असतो. घरी ही सोय नसते, तेव्हा ६०१३ वरच राहा. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात ६०१३ सुद्धा दमट होतो: आर्क फुटफुटतो, पोपडे उडतात, वेल्डला बारीक भोकं पडतात. जुन्या, खाण्यासाठी वापरत नसलेल्या ओव्हनमध्ये १०० अंशांवर तासभर ठेवा. उघडलेलं पाकीट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलं तर ही वेळच येत नाही.

पोलॅरिटीबद्दल थोडक्यात: जाड लोखंडाला होल्डर (रॉड धरायची मूठ) अधिक खुणेला लावला की आत खोल शिरतो. पातळ पाइपला होल्डर वजा खुणेला लावा, भोकं कमी पडतात.

अंगावर काय, आजूबाजूला काय

सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, बूट झाकणारी पॅन्ट, चामड्याचे कोरडे हातमोजे, रबरी तळाचे बूट. नायलॉनचा टी-शर्ट ठिणगीने वितळून कातडीला चिकटतो. काच १० नंबर शेडची. ५०-६० अँपिअरच्या कामाला ९ चालते. काळा गॉगल लावून वेल्डिंग करू नका. त्याने आर्क सहन होतो असं वाटतं, पण तो वेल्डिंगसाठी पुरेसा नसतो आणि चेहरा उघडाच राहतो. आर्क लागला की त्रास लगेच होत नाही. रात्री डोळ्यात वाळू घातल्यासारखं होतं, पाणी गळतं. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत उतरतं. डोळ्यावर बटाट्याचे काप किंवा दूध न घालता डॉक्टरकडे जा. मुलं आणि बघे आधी लांब करा, त्यांच्या डोळ्यांनाही तोच धोका असतो.

जीआय पाइपवर जस्ताचा थर असतो. तो जोडाच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन सेंटिमीटर घासून काढा आणि वारा येतो त्या बाजूला बसा. जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. वर दूध प्यायलं की धूर बाधत नाही, हा समज खोटा आहे.

ओल्या अंगणात, अनवाणी, घामाने भिजलेल्या हातमोज्यांनी रॉड बदलू नका. आर्क नसताना होल्डरवर ६०-७० व्होल्ट असतात. कोरड्या हाताला ते जाणवत नाहीत, ओल्या अंगाला पुरेसे असतात. खाली लाकडी फळी घ्या. जवळ वाळूची किंवा पाण्याची बादली ठेवा, आणि काम संपल्यावर अर्धा तास जागेवर लक्ष ठेवा. गवत आणि भुसा आधी धुमसतो, मग पेटतो. जवळच्या खिडकीच्या काचेवर आणि फरशीवर जुनं ओलं पोतं टाका, कारण ठिणग्या काचेत रुतून कायमचे डाग पडतात.

पहिला रन

एमसीबी चालू, मशीनचं बटण बंद, प्लग आत. मग मशीन चालू करा, पंखा फिरतोय ऐका, ७५ वर सेट करा. ३ मिमीच्या टाकाऊ पट्टीवर, रॉड न लावता, आधी क्लॅम्प घट्ट बसवा. मगच रॉड होल्डरमध्ये.

काडी ओढल्यासारखा रॉडचा शेंडा पट्टीवर घासा आणि पेटताच रॉडच्या जाडीएवढा, म्हणजे दोन-अडीच मिमी वर धरा. रॉड चालीच्या दिशेला १५-२० अंश कललेला, शेंडा मागच्या पाघळलेल्या लोखंडाकडे रोखलेला. रॉड जळत आखूड होतो, तेव्हा हात पुढे सरकवताना खालीही आणत राहावं लागतं. शिकाऊ हात हेच विसरतो आणि आर्क लांबत जातो.

नजर आर्कच्या उजेडावर नको, त्याच्या मागच्या डबक्यावर ठेवा. वितळलेलं लोखंड पातळ, चकचकीत आणि उजळ दिसतं. त्याच्यावर मागून खपली येते, मळकट तांबूस, दुधावरच्या सायीसारखी हळू सरकणारी. साय डबक्याच्या मागच्या अर्ध्या भागावर राहिली की चाल बरोबर आहे. ती पुढे येऊन आर्कखाली शिरायला लागली तर तुम्ही फार सावकाश आहात, किंवा करंट कमी आहे. तशीच पुढे गेलात तर खपली वेल्डच्या पोटात अडकते. कान पण लावा: सलग चरचर हवी. फटफट आवाज म्हणजे आर्क लांब किंवा रॉड दमट.

एका २.५ च्या रॉडमध्ये वीतभराच्या आसपास रन निघाला पाहिजे. दोन वीत निघाला तर तुम्ही पळताय, अर्धी वीत निघाला तर लोखंडाचा ढीग होतोय. शेवटचे चार-पाच सेंटिमीटर टाकून द्या. खपली काळी होऊन थंड झाल्यावर चष्मा लावून चिपिंग हातोडीने काढा. गरम असताना ती उडून डोळ्यात जाते.

प्रत्यक्ष कामात आधी चार टॅक (तात्पुरते छोटे ठिपके) मारा, समोरासमोरच्या कोपऱ्यांवर, प्रत्येक टॅकनंतर गुण्या लावून. मग रनही आलटून पालटून, एका बाजूने सलग नाही. लोखंड थंड होताना वेल्डच्या बाजूला ओढलं जातं, आणि एका अंगाने पूर्ण केलेली चौकट हमखास वाकते.

तीन रॉड झाले की थांबा, मशीन बंद करा, प्लग काढा आणि त्याच्या पिनांजवळ हाताची मागची बाजू न्या. कोमट लागलं तर ठीक. हात मागे घ्यावासा वाटला तर सॉकेटची पकड सैल आहे. नवीन बसवल्याशिवाय पुढे जाऊ नका. ही तपासणी दर नव्या जागी करा. जमलं तर दुसऱ्या माणसाला शेजारच्या पॉइंटवर मल्टिमीटर धरायला सांगा: वेल्ड करताना व्होल्टेज १०-१२ हून जास्त खाली जात असेल तर लाइनमध्ये कुठेतरी सांधा कच्चा आहे किंवा वायर बारीक आहे.

बिघडलं तर कुठे बघायचं

मशीन चालू करताक्षणी एमसीबी पडतो: कर्व्ह बी असेल, नाहीतर मशीनचा रेक्टिफायर शॉर्ट. चालू राहतो पण दोन-तीन रॉडनंतर पडतो: करंट जास्त होतोय, सेटिंग कमी करा किंवा घरातला दुसरा भार बंद करा. आरसीसीबी पडतो: मशीन दमट आहे, एक्स्टेन्शनची वायर कुठे सोललेली आहे किंवा न्यूट्रल-अर्थ कुठेतरी एकत्र आलेत. आरसीसीबी काढून टाकणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

रॉड सारखा चिकटतो आणि क्लॅम्प स्वच्छ आहे, तर पाच-सात अँपिअर वाढवा, आणि हॉट स्टार्टचा (रॉड पेटताना क्षणभर जादा करंट देणारा) नॉब असेल तर तो वर करा. रॉड अर्ध्यातच लाल होतो म्हणजे त्या जाडीला करंट जास्त आहे. पाइपला भोक पडतं म्हणजे करंट जास्त किंवा हात थांबला. सलग रनऐवजी ठिपक्यांवर ठिपके द्या, दोन ठिपक्यांमध्ये लाली उतरू द्या. पिवळा दिवा लागून मशीन थांबलं तर ते तापलंय. बटण बंद करू नका, पंखा फिरू द्या, दहा मिनिटांत ते परत येतं. तोच दिवा थंड मशीनला लागत असेल तर व्होल्टेज मोजा.

याहून मोठं काम असेल तर

३.१५ चा रॉड रोज चालवायचा असेल तर प्लगशी झटापट करू नका. परवानाधारक वायरमनकडून बोर्डापासून स्वतंत्र लाइन ओढून घ्या: ४ चौरस मिमी तांबं आणि सी-२५ चा एमसीबी, किंवा ६ चौरस मिमी आणि सी-३२, शेवटी ३२ अँपिअरचा इंडस्ट्रियल सॉकेट. मंजूर भार आधी वाढवून. शेतावर जनरेटरवर चालवायचं तर ९० अँपिअरला ३.७ किलोव्होल्टअँपिअर लागतात, तेव्हा ५ चा जनरेटर घ्या. आधी जनरेटर सुरू करून स्थिर होऊ द्या, मग मशीन. बंद करताना उलट. विजेच्या खर्चाची चिंता नको: ८० अँपिअरला एका युनिटमध्ये पंचवीसेक रॉड जळतात.

मशीन आणि ग्राइंडर एकमेकांपासून लांब ठेवा. मशीनचा पंखा हवेबरोबर लोखंडाचा कीसही आत ओढतो, आणि तो कीस सर्किट बोर्डवर बसून शॉर्ट करतो. घरगुती मशीनं अशीच जास्त मरतात. दर तीन महिन्यांनी ब्लोअरने जाळीतून धूळ बाहेर काढा. झाकण उघडायची वेळ आलीच तर प्लग काढून निदान दहा मिनिटं थांबा, कारण आतले कपॅसिटर ३२५ व्होल्टवर भरलेले असतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ तसेच राहतात.